खाच

मी बँकेतला कारकून. आकडा जुळला की मला झोप छान लागते. त्यामुळे चिरंजीवांनी कॉम्प्युटरचा बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचे ठरवले, तेव्हा मी काटकसरीचा सल्ला ताबडतोब देऊन टाकला, "रॅमच्या पट्ट्या मात्र जुन्याच लाव. चांगल्या चालताहेत की!"

नवा बोर्ड एएमडीच्या एएम५ जातीचा, म्हणजे २०२२ साली निघालेला. त्याला डीडीआर५ लागते. आमच्या पट्ट्या डीडीआर४. मी पिना ताडून पाहिल्या. इकडे २८८, तिकडेही २८८! लांबीही तीच. झाला की ताळा! मी पट्टी ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

"बाबा, जोर लावू नका!" चिरंजीव किंचाळले.

मग शिकवणी झाली. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ ला १.१. आतली जोडणीही निराळी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून मधली खाच मुद्दाम सरकवलेली असते. दोष पट्टीचा नाही, बोर्डाचाही नाही. कुठली मेमरी चालते त्याची यादी बोर्डाची कंपनी देते. ती न वाचता दाबणाऱ्याचा दोष.

मी गप्प झालो. कारण आतल्या खोलीत आप्पा बसले होते.

गेल्या वर्षी त्यांना वाईहून ठाण्याला आणले. लिफ्ट, जवळ डॉक्टर, स्वतंत्र खोली, सगळे कागदावर जुळत होते. पण त्यांची मेमरी कृष्णेच्या घाटावरची आणि आमचा बोर्ड सातव्या मजल्यावरचा! यादी कोणी वाचली होती? "कसं वाटतंय?" विचारले की म्हणतात, "बरं आहे."

रॅमच्या पट्टीला 'नाही' म्हणायला खाच दिली आहे. म्हाताऱ्या माणसाला तेवढीही सोय नाही. दाबले की बसतो, आणि बसला म्हणजे जुळला असे आपण खुशाल धरून चालतो. तेव्हा जो दाबतो त्यानेच आधी विचारायला हवे, नाही का?

त्या रात्री विचारले, "आप्पा, खरं सांगा. दर महिन्याला आठ दिवस वाईला राहायला जायचं का?"

बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दहा दिवस कर. आणि सूनबाईला सांग, वर्षभर चहात साखर कमी पडतेय."