अठरा वर्षांनंतरचं बापपण

पुतण्या : आत्या, माझ्या एका मित्राचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या लग्नाचा मुलगा आता २४ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. दुसऱ्या लग्नाची दोन लहान मुलं. थोरल्याची पोटगी त्यानं अजून किती काळ भरायची?

आत्या : कायद्यात तिथे वयाची अट नाही. पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. मूल सज्ञान झालं तरी शारीरिक-मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर पोटगीचा हक्क राहतो. घटस्फोटितेनं पुन्हा लग्न केलं की तिची पोटगी थांबते; मुलाची नाही.

पुतण्या : धडधाकट मुलाचा बाप अठराव्या वर्षी सुटतो, याला मात्र जन्मठेप. यात त्याचा काय दोष?

आत्या : कुणाचाच नाही. पोटगी म्हणजे दंड थोडाच आहे! ती गरजेवर बेतलेली असते, म्हणून गरजेइतकीच लांबते.

पुतण्या : धाकट्यांनाही गरजा आहेतच की.

आत्या : कोर्ट त्या बघतं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकत, देणी, अवलंबून असलेली माणसं, सगळं शपथपत्रावर द्यावं लागतं. रक्कम कमी होऊ शकेल. पण धाकट्यांची फी दाखवून थोरल्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही.

पुतण्या : आईही कमावते. निम्मं-निम्मं करा.

आत्या : कशाचं? खर्चाचं की दिवसाचं? उठवणं, अंघोळ, भरवणं, फिजिओथेरपी तिच्याकडे. त्यापायी तिनं पूर्णवेळ नोकरी सोडली असेल, तर ते पैसे कुणाच्या खात्यात मांडायचे?

पुतण्या : म्हणजे पैसे दिले तरी तो सुटत नाही?

आत्या : कायद्यापुरता सुटतो. पोटगी थकवली तर कोर्ट तुरुंगात धाडेल, पण मुलाजवळ बसायला लावू शकत नाही. आणि नुसतेच पैसे देणाऱ्याला ती जन्मठेप वाटणार, हे मलाही पटतं.

पुतण्या : मग त्यानं करावं काय?

आत्या : अठरानंतर आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. तो केलाय का, विचार. आईबापांमागे मुलगा कुठे राहणार, त्याच्या नावावर काय असणार, हे दोघांनी बसून ठरवायला हवं. बाप गेला की पुढची पोटगी थांबेल, मुलाचं जेवणखाण थांबणार नाही.

पुतण्या : मी मुदत विचारली, तू ती मरणापलीकडे नेलीस!

आत्या : नेली. रक्कम कमी करून घ्यायचा अर्ज त्यानं खुशाल करावा. त्याआधी एक आठवडा मुलाला एकट्यानं सांभाळावं. मग अर्जात कुठला आकडा घालायचा, ते वकिलाला तोच सांगेल.