आधी नातेवाईक, मग अस्थी

३ फेब्रुवारी १९४२ च्या सकाळी जपानमधल्या उबे शहराजवळ, समुद्रतळाखाली खणलेल्या चोसेई कोळसा खाणीत पाणी घुसले आणि १८३ कामगार बुडाले. त्यांतले १३६ कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती. प्रेते वर काढलीच गेली नाहीत. खाणीचे तोंड बंद झाले आणि परक्या समुद्राखालची ती खाणच त्यांची कबर झाली. जवळच्या साइकोजी बौद्ध मंदिरात मृतांच्या नावांच्या पाट्या ठेवल्या गेल्या, प्रार्थनाही झाली. एवढे झाल्यावर, इतक्या वर्षांनी, त्यांचे नातेवाईक शोधण्याला धर्माच्या दृष्टीने काही अर्थ उरतो का? माझ्या मते उरतो, आणि अस्थी शोधण्याच्याही आधी उरतो.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: आत्मा गेला, देह म्हणजे टाकलेले वस्त्र, मग त्याच्यामागे कशाला लागायचे? पण हे तत्त्वज्ञान मानणाऱ्या परंपरेनेच परमुलखात मेलेल्या, देह न मिळालेल्या माणसासाठी पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे अस्थींवाचून अडत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. अडते ते निराळ्याच ठिकाणी. तर्पणात मृताचे नाव, गोत्र आणि आपले त्याच्याशी असलेले नाते उच्चारावे लागते, आणि हे नाते बोलून दाखवणारा कुणी तरी लागतो. कोरियन घरांतही मृत्युदिनी पितरांसाठी जेसा हा विधी वंशजच करतात. मंदिरातल्या भिक्षूची प्रार्थना ही करुणा आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण ‘माझा बाप’ हे शब्द तो उच्चारू शकत नाही. ज्या घरी मरणाची बातमीच गेली नाही, तिथे तो माणूस ना जिवंतांत राहतो ना पितरांत जातो. त्याचे मरण अर्धवट राहते, आणि ते पुरे करणे जिवंतांच्याच हाती असते.

दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे: जुनी जखम का उकरायची? याचे उत्तर नातेवाइकांनीच दिले आहे. १९९१ मध्ये उबेच्या नागरिकांनी एक संघटना स्थापून मृतांच्या यादीतल्या कोरियातील पत्त्यांवर पत्रे पाठवली. १९४० पासून कोरियनांवर जपानी धर्तीची नावे लादली गेली होती, त्यामुळे खरे नाव शोधणे हेच मोठे काम होते. तरी उत्तरे आली, आणि पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात मृतांच्या नातेवाइकांची संघटना उभी राहिली. विसरलेली माणसे असे करत नाहीत. बुडालेल्या बोगद्यात पाणबुडे उतरवणे धोक्याचे आहे, ही हरकत मात्र मला पटते. मेलेल्यांसाठी जिवंत माणूस गमावू नये. पण पत्र लिहिण्यात, दप्तरे उघडण्यात कुणाचाही जीव जात नाही. ‘ज्यांना गरज आहे ते शोधतील’ असे म्हणणेही अन्यायाचे आहे, कारण नोंदी होत्या त्या मजूर नेणाऱ्यांकडे. गावाकडच्या शेतकरी बायकामुलांकडे नव्हत्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या खाणीत मानवी हाडे सापडली. हाड कुणाचे हे ठरवायला नातेवाइकाचा डीएनए लागतो, म्हणजे तीन दशकांपूर्वीची ती पत्रेच आज कामी येणार. हा शोध घेणे ज्या राज्याने तो कोळसा जाळला त्याचे कर्तव्य होते. खाणीचे बुजवलेले तोंड २०२४ मध्ये उघडले गेले, ते मात्र नागरिकांनी वर्गणी काढून.