लिहून झाल्यावर

कादंबरी लिहिणे कठीण, असे सारेच म्हणतात. लिहून झालेली कादंबरी हातातून सोडणे त्याहून कठीण, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय सोडायचे ठरले की दुसरा संकोच पुढे येतो. आपल्याच लेखनासाठी आपणच वाचक शोधत फिरावे काय? ही मोठेपणाची हाव म्हणावी, की लेखकाचे शेवटचे कर्तव्य?

पुष्कळांचे मत असे, की कस्तुरीच्या सुवासाला शपथेची गरज नसते. लेखन अस्सल असेल तर वाचक आपण होऊन येईल. यासाठी तुकोबांचा दाखला देतात. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी जशाच्या तशा वर आल्या, अशी आपल्याकडची श्रद्धा. चमत्कार मानणाऱ्याने तो खुशाल मानावा. न मानणाऱ्यालाही एवढे कबूल करावे लागेल, की लोकांच्या ओठांवर गेलेला अभंग कुठल्याच डोहात बुडवता येत नाही. आणि तो ओठांवर गेला कसा? तुकोबा वाचकाची वाट पाहत घरात बसले नव्हते. ते कीर्तनाला लोकांत उभे राहिले होते.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली. प्रकरण कवटाळून बसायला त्यांना सवडच नव्हती. अंक निघाला की यमू वाचकांची झाली. उलट काफ्काचे पाहा. १९२४ साली तो वारला, तेव्हा आपली हस्तलिखिते जाळून टाकावीत अशी इच्छा त्याने मित्रासाठी, मॅक्स ब्रॉडसाठी, लिहून ठेवली होती. मित्राने ती मानली नाही आणि १९२५ साली ‘द ट्रायल’ जगापुढे आली. मित्राचा शब्द मोडणे बरे नव्हे; तरी ब्रॉडला दोष देताना आपली जीभ अडखळते. लिहून झालेल्या गोष्टीवर लिहिणाऱ्याखेरीज आणखी कोणाचा तरी हक्क असतो, हे आपल्याला आतून ठाऊक असते.

तो हक्क कोणाचा, याचा विचार मला अलीकडे करावा लागला. शाळेतली नोकरी संपल्यावर मी मेढ्यास वेण्णेकाठी राहतो. माझी कादंबरी कोयनाखोऱ्यातल्या एका गावाची आहे. १९६० नंतरच्या वर्षांत कोयनेच्या धरणाचे पाणी चढत गेले, शिवसागर झाला आणि त्याखाली अशी कित्येक गावे गेली. माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड, रत्नागिरी अशी पांगली. ज्यांची ही गोष्ट, त्यांना ती माझ्यापाशी आहे याची वार्ताही नाही. कस्तुरीच्या भरवशावर मी बसलो, तर त्यांच्यापैकी कोण माझे दार शोधत येणार?

यंदा चैत्रात मी बाड पिशवीत घातले आणि एका वसाहतीतल्या आबांकडे गेलो. गाव उठले तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोर होते. त्यांच्याच आठवणींवर मी नायक बेतला होता. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून ओसरीवर बसून दोन प्रकरणे वाचून दाखवली. सून दारात येऊन उभी राहिली, शेजारची दोघे-तिघे आली. आबा डोळे मिटून ऐकत होते. वाचन थांबल्यावर म्हणाले, “मास्तर, ह्यो काय मी न्हवं. पर ह्या गड्याचं घर कंच्या अंगाला बुडालं? आता कुठं असतो त्यो?”

मजजवळ उत्तर नव्हते. माझी कादंबरी तर गाडी खिंडीत चढते तिथेच संपली होती. मग शेजारच्याने सांगितले, की असा एक जण सोलापूरकडे गेला. सून म्हणाली, छे, तो मुंबईला गिरणीत लागला असेल. त्या ओसरीवर माझा नायक माझ्यादेखत पुढे चालू लागला. क्षणभर हेवा वाटला, हे खरे. मग मन हलके झाले.

दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते. ते ठेवून घेणे वाईट, आणि रिकामे परत धाडणेही आपल्या रीतीत बसत नाही. आपल्या घरचे दोन लाडू, चार करंज्या त्यात घालून आपणच ते पोहोचवतो. कादंबरीकाराचे ताटही असेच उसने असते. कोणाचे दुःख, कोणाची बोली, कोणाचे हसणे त्याच्याकडे येते; त्यात तो आपली भर घालतो. मग ते शेजारघरी नेण्यात हाव कसली आणि संकोच कसला? ही तर परतफेड. हाव सुरू होते ती त्यानंतर, ताट दिल्यावरही आपण दारातून हलत नाही आणि ‘कसे झाले आहे?’ म्हणून खाणाऱ्याचे तोंड न्याहाळत राहतो तेव्हा.

वाचकापर्यंत चालत जाणे लेखकाचे काम. तिथून मुकाट्याने परत येणे हेही त्याचेच. आबांसाठी उरलेली प्रकरणे नातवाने वाचायची ठरली आहेत. मी त्या दिवशी तिथे नसेन.