गड नव्हे, घरटं

तोरणा किल्ल्यावरचं कुठलंही पुस्तक उघडा, ट्रेकची कुठलीही जाहिरात वाचा, जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाचा दाखला बहुतेक वेळा सापडतोच. सिंहगडाला सिंहाची गुहा म्हणायचं, तर तोरण्याला गरुडाचं घरटं म्हणावं लागेल, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. मराठीत ते इतकं मुरलं आहे, की वेल्ह्याला एसटीतून उतरणारा कॉलेजातला मुलगाही ते सहज बोलून जातो. उपमा चपखल आहे यात शंका नाही. १४०३ मीटर उंचीचा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. झुंजार माचीवर निघालं की सोंड निमुळती होत जाते, दोन्ही अंगांना कडे तुटलेले, आणि खालून येणारा वारा माणसाला नीट उभं राहू देत नाही. असा गड शिवाजी महाराजांनी अगदी तरुण वयात हाती घेतला आणि त्याला प्रचंडगड म्हटलं. गरुडाची आठवण इथे व्हायची नाही तर कुठे?

पण हे नाव देणारा पायथ्याशी उभा असतो. मान वर करून तो कड्याकडे बघतो तेव्हा त्याच्या मनात एकच हिशेब चालू असतो: इथे पोहोचणं किती कठीण. गरुडाचं घरटं म्हणजे अजिंक्य जागा, सत्तेचं आसन, हा अर्थ त्याच नजरेतून आला आहे. आणि तो जगभर आहे.

इराणच्या अलबुर्ज पर्वतातला आलामुत किल्ला हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये ताब्यात घेतला. शिकारीला गेलेल्या एका राजाचा गरुड त्या खडकावर जाऊन बसला, तेव्हा ती जागा राजाच्या नजरेत भरली, अशी तिथली कथा. आलामुत या नावाचा एक जुना अर्थ गरुडाचं घरटं असाच लावला जातो. १२५६ मध्ये हुलागू खानाच्या मोंगल फौजेपुढे हे अजिंक्य घरटं खाली झालं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांमुळे आणि त्यांवरच्या मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्येही एका डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्याचं नाव ‘एअरी’ आहे, म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं. त्या किल्ल्यात एक दार थेट दरीत उघडतं आणि नकोशा माणसाला तिथून ढकलून देतात. कल्पित गोष्टीतही घरट्याला मान मिळतो तो दहशतीमुळेच.

या सगळ्यांत जर्मनीतल्या बेर्ख्तेसगाडेनजवळच्या ‘ईगल्स नेस्ट’ला मी सर्वांत जास्त नाकारतो. केलश्टाइन नावाच्या डोंगरावर, १८३४ मीटरवर, हिटलरसाठी त्याच्या पक्षाने हे घर बांधलं. मार्टिन बोरमानने घाई करून १९३८ मध्ये ते पुरं करून घेतलं आणि १९३९ मध्ये ते हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून गणलं गेलं. डोंगराच्या पोटात बोगदा, बोगद्याच्या शेवटी १२४ मीटर वर नेणारी लिफ्ट, लिफ्टच्या भिंती लखलखत्या पितळेच्या. जर्मन लोक त्याला केलश्टाइनहाउस म्हणतात. गरुडाच्या घरट्याचं नाव एका फ्रेंच राजदूताच्या वर्णनावरून रुळलं, असं सांगतात. ज्याच्यासाठी डोंगर पोखरला तो मात्र तिथे मोजक्याच वेळा गेला, त्याला ती उंची मानवत नव्हती. आज तिथे उपाहारगृह आहे, आणि ‘गरुडाचं घरटं’ लिहिलेली पोस्टकार्डं विकली जातात. घरटं या शब्दावर याहून मोठा अन्याय मला माहीत नाही. घरट्यात कोणीतरी जन्मतं, वाढतं. इथे जे शिजलं आणि जे साजरं झालं, त्याचा जन्माशी काही संबंध नव्हता.

पोलंडची कथा याला अपवाद. लेख नावाच्या पूर्वजाला पांढऱ्या गरुडाचं घरटं दिसलं आणि त्याने तिथेच वस्ती केली, ते गाव म्हणजे ग्न्येझ्नो. त्या देशाच्या राजचिन्हावरचा पांढरा गरुड लोककथेत याच घरट्यातून उडाला आहे. इथे घरटं म्हणजे आसरा, बूड टेकायची जागा. एवढं एक उदाहरण तरी सापडलं याचं मला बरं वाटतं.

कारण शिकारी पक्ष्याच्या आयुष्यात घरट्याइतकी हतबल जागा दुसरी नाही. हवेत असताना गरुडाला फारसा कोणाचा धोका नसतो. घरट्यात बसली की मादी एका जागी खिळते, महिना-दीड महिना हलत नाही. ऊन, वारा, कावळे, माकडं, माणूस, सगळ्यांना तिचा पत्ता कळलेला असतो. कडा किंवा उंच झाडाचा शेंडा ती निवडते तो भीतीपोटी. सोनेरी गरुडाच्या घरट्यात बहुधा दोन अंडी असतात आणि थोरलं पिल्लू पुष्कळदा धाकट्याला जगू देत नाही. गिधाडाचं तर एकच अंडं, वर्षाला एक. बहिरी ससाणा काटक्यासुद्धा गोळा करत नाही, कड्याच्या कपारीतल्या मातीत जरासा खळगा उकरतो, झालं घर.

गुहागरच्या बाजूला एका वाडीत समुद्री गरुडाचं घरटं पाहिल्याचं मला आठवतं. कोकणात या पक्ष्याला काकण म्हणतात. आंब्याच्या शेंड्यावर, पार वरच्या बेचक्यात, जाडजूड काटक्यांचा ढीग, त्यात मध्येच हिरव्या पानांच्या डहाळ्या खोचलेल्या. तीच जागा, तेच घरटं, दर हंगामात थोडी भर. झाडाखाली माशांचे काटे पडले होते, आणि एक लांबलचक मणक्यांची माळ. ती समुद्रसापाची, हे घरमालकाने सांगितलं. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून ती जोडी येते असं तो म्हणाला, जणू कुळातलंच कोणी. गडाची उपमा त्या झाडाखाली मला सुचली नाही. तिथे दिसत होता तो एक चालता संसार.

हा संसार किती जुना असू शकतो, याचा पुरावा अलीकडे दक्षिण स्पेनमध्ये मिळाला. तिथून दाढीवाली गिधाडं कधीचीच नाहीशी झाली, पण कोरड्या गुहांमधली त्यांची घरटी शाबूत राहिली. संशोधकांनी अशी डझनभर घरटी थर-थर उकलली. हाडं, अंड्यांची टरफलं तर निघालीच, त्याखेरीज माणसाच्या हातच्या दोनशेहून अधिक वस्तू निघाल्या. गवताच्या दोरीने विणलेली एक चप्पल सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची ठरली. कुठल्याशा मेंढपाळाने टाकलेली ती चप्पल गिधाडाने पिल्लासाठी अंथरली. माणसांची राज्यं उलथली आणि बिछाना तसाच राहिला. ग्रीनलंडमधल्या ससाण्यांच्या काही कपारींतली विष्ठा तपासली तेव्हा तिथला वावर अडीच हजार वर्षांमागे जातो असं दिसलं. आलामुत टिकला ते किती?

मग नावाला एवढा मान देणाऱ्यांनी घरट्याचं काय केलं? अमेरिकेने १७८२ मध्ये टकल्या गरुडाला राजमुद्रेवर बसवलं. पुढे शेतांवर आणि दलदलींवर डीडीटीचा मारा झाला. ते विष माशांतून गरुडाच्या अंगात गेलं आणि अंड्याच्या कवचात चुना नीट बसेना. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटायचं. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या देशात जेमतेम ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. नोटांवर, नाण्यांवर, गणवेशांवर गरुड पंख पसरून बसलेला होता आणि खऱ्या घरट्यात तो आपल्याच अंड्याच्या चुऱ्यावर बसला होता. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये हा पक्षी धोक्याच्या यादीतून बाहेर निघाला. माणसाने ठरवलं तर घरटी परत भरतात, हे यातून दिसलं आणि ते मी मोलाचं मानतो.

ब्रिटनमध्ये कवच पातळ होतंय हे डेरेक रॅटक्लिफने सिद्ध केलं ते अंडीचोरांच्या संग्रहांमुळे. शंभर वर्षं हौशी लोकांनी बहिरी ससाण्याची घरटी लुटून अंडी कापसात जपून ठेवली होती. त्याने ती तोलली आणि १९४७च्या सुमारापासून कवच हलकं झाल्याचं त्याला आढळलं. चोरीचा माल साक्षीला आला. या हौसेची दुसरी बाजू स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टनला दिसली. तिथे मीनखाई घारीची जोडी कित्येक वर्षांनी परतली होती. १९५८ मध्ये पहारा असतानाही रात्री चोर झाडावर चढला, अंडी काढली आणि त्यांच्या जागी कोंबडीची अंडी बुटाच्या पॉलिशने रंगवून ठेवली. पुढच्या वर्षी जॉर्ज वॉटर्स्टन यांनी वेगळाच मार्ग धरला. घरटं लपवायचं सोडून त्यांनी ते लोकांना दाखवलं, दुर्बिणी लावल्या, लांबून बघायला या म्हणून बोलावलं. हजारो लोक आले. हजारो डोळ्यांसमोर झाडावर चढायची चोरी अवघड झाली.

न्यूयॉर्कमध्ये याच डोळ्यांनी एक लढाई जिंकली. सेंट्रल पार्कसमोर, फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका श्रीमंत इमारतीच्या कंगोऱ्यावर ‘पेल मेल’ नावाच्या तांबड्या शेपटीच्या बाजाने १९९३ पासून संसार मांडला होता. कबुतरं बसू नयेत म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे त्याच्या कामी आले, काटक्या त्यांतच अडकून राहिल्या. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीच्या व्यवस्थापनाने घरटं आणि खिळे दोन्ही उखडून टाकले. थंडीत लोक फुटपाथवर उभे राहिले, फलक धरले, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी भोंगे वाजवले, त्याच इमारतीत राहणारी अभिनेत्री मेरी टायलर मूर त्यांच्या बाजूने उभी राहिली. महिना संपायच्या आत खिळे परत बसले. पुढची कित्येक वर्षं त्या घरट्यात अंडं उबलं नाही, हेही खरं. मोडलेली जागा माणसाने दुरुस्त करून दिली तरी पिल्लं लगेच येतातच असं नाही.

आपल्याकडे घरटी रिकामी झाली तेव्हा फुटपाथवर कोणी उभं राहिलं नाही, कारण ती गिधाडांची होती. ‘गिधाडं’ ही मराठीत शिवी आहे. तेंडुलकरांनी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या कुटुंबावरच्या नाटकाला तेच नाव दिलं आणि प्रेक्षकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. जटायूला आपण हात जोडतो, पण त्याच्या गोतावळ्याला जोडत नाही. खरी गिधाडाची जोडी एकच अंडं आळीपाळीने उबवते, पुढे कित्येक महिने एकाच पिल्लाला भरवते. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेल्या जनावरामार्फत ही जोडी मारली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात नव्वदच्या दशकापासून पंधरा-सोळा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये उजेडात आलं, २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. एका अंड्यावर चालणारा वंश असा कोसळला की सावरायला पिढ्या लागतात. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी झाडांवरची घरटी राखली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने काकणाच्या घरट्यांची नोंद घेत किनारा पालथा घातला. डग्लसच्या वाक्याइतकी ही कामं मराठी माणसाला पाठ असायला हवी होती.

शिकारी पक्ष्याकडे आई म्हणून बघणारी नजर मराठीत नव्हती असं मात्र नाही. जनाबाईच्या अभंगात आकाशात फिरणारी घार आहे, आणि तिचं सारं लक्ष पिल्लाकडे आहे. दळणकांडण करणाऱ्या बाईला उंच गेलेल्या घारीत दरारा दिसला नाही, घराची ओढ दिसली. राजदूत, सरदार, कादंबरीकार यांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं.

ही नजर आता कड्यांवर हवी. लांब चोचीची गिधाडं सह्याद्रीच्या कड्यांत घरटी करतात, नाशिकजवळच्या अंजनेरीला विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांवरून त्यांच्या कपारी लांबूनही ओळखू येतात. शाहीन ससाणा, बोनेली जातीचा गरुड यांचाही विणीचा काळ साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा. नेमका तोच आपला प्रस्तरारोहणाचा हंगाम. दोर सोडून कड्यावर उतरणारी तुकडी घरट्याच्या समोर तासभर लटकली की मादी उठते आणि अंडं उघडं पडतं. अमेरिकेत योसेमिटीला बहिरी ससाण्यासाठी दर वर्षी १ मार्चपासून १५ जुलैपर्यंत ठरावीक चढाईमार्ग बंद ठेवतात, पिल्लं उडाली की उघडतात. तिथले गिर्यारोहक ते पाळतात. आपल्या गिर्यारोहण संस्था आणि वनखातं एकत्र बसले तर कुठल्या कड्यावर कुठली कपार नांदती आहे याची यादी एका पावसाळ्यात तयार होईल. त्या भिंती डिसेंबर ते मे सोडून द्याव्यात, ट्रेकच्या जाहिरातीत गरुडाच्या घरट्याचा उल्लेख असतो तिथेच खाली ही सूचना छापावी, आणि ड्रोन घरीच ठेवावा. चढायला बाकीचा सह्याद्री मोकळाच आहे.