विद्यादान : राजाचे आणि प्रजेचे



भगवद्गीतेच्या 17 व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक दान. प्राथमिक शाळेहून अधिक योग्य पात्र कोणते?

आपल्या वडोदऱ्यास हा विषय नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व 1906 साली ते सर्व राज्यास लागू केले. राजाने राजधर्म पाळला. तिकडे सातारा जिल्ह्यात, 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांना लोकांनी मूठमूठ धान्य दिले. प्रजेनेही आपला धर्म पाळला.

आज 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा भार शासनावर आहे. तो आपण उचलून शासनास मोकळे करू नये. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे त्यांचे कर्तव्य. पण सभेस जातो कोण?

मी शिकलो त्या शाळेचे छप्पर दोन पावसाळे गळत होते. दुरुस्तीसाठी कोणी अर्जच केला नव्हता. त्याच वर्षी मंदिराच्या रोषणाईस वर्गणी कमी पडली नाही. त्या पावत्या, पुजाऱ्याचा मुलगा म्हणून, मीच फाडीत होतो. त्याची लाज आजही वाटते.

म्हणून अनुदान हक्काने मागावे, उणे पडेल तेथे आपली मूठ घालावी आणि दोहोंचा हिशेब पाहावा. हीही देवपूजाच होय.

श्रीकृपेने सर्वांस ही बुद्धी होवो.