पाप कोणाचे?

शास्त्रपाठ : योहान 9:1-3



जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांना त्याच्या दुःखापेक्षा दोषी कोण, हेच जाणून घ्यावयाचे होते. प्रभूने त्यालाही दोष दिला नाही, त्याच्या आईबापांनाही नाही. तरी तोच प्रश्न आम्ही अजून विचारतो, आणि तोही उपासना आटोपल्यावर, मंदिराच्या पायऱ्यांवर.

आमच्या मंडळीत एका घरी डाउन सिंड्रोम असलेली मुलगी जन्मली. कोणी म्हणाले, आईने ग्रहणात विळी हाती घेतली असेल. कोणी आजोबांची दारू काढली. पुढे कित्येक महिने ती आई प्रभुभोजनाला आली नाही. तिला आम्हीच दूर लोटले, हे आम्हांस उशिरा उमगले.

मग खरे कारण कोणते? आपल्या शरीराच्या पेशीत साधारणपणे 46 गुणसूत्रे असतात; निम्मी आईची, निम्मी बापाची. स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना कधी 21 व्या क्रमांकाची जोडी विलग होत नाही. मग बाळाला त्या गुणसूत्राच्या दोनांऐवजी तीन प्रती मिळतात व एकूण संख्या 47 होते. डॉ. जॉन लँग्डन डाउन ह्यांनी 1866 साली ह्या स्थितीचे वर्णन केले. हे जादा गुणसूत्र 1959 साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवून दिले. अशा शंभरांपैकी सुमारे 95 मुलांत हेच घडलेले असते. ते ग्रहणाने होत नाही, शापाने होत नाही, कोणाच्या वागण्यानेही होत नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते. तरी तरुण मातांनाही अशी बाळे होतात. थोड्या कुटुंबांत मात्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला भाग आईकडून किंवा बापाकडून येतो. म्हणून रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. तेव्हा प्रार्थना करावी, आणि हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, ही मुले शिकतात, पण सावकाश. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले त्यांच्या ध्यानात अधिक राहते. चित्र दाखवा, वचन लहान निवडा, पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या. त्यांना वर्गाच्या मागे बसवू नका.

पुढे आम्ही त्या घरी गेलो व क्षमा मागितली. आज ती मुलगी मंडळीत अर्पणाची थैली फिरवते. एकाही बाकाला ती चुकवीत नाही. ज्यांनी दोष काढला, त्यांच्यापुढेही हसून उभी राहते. थैलीत काय टाकावे, हे त्या वेळी आम्हांस सुचत नाही.

देवाचे कार्य पाहावयास प्रभू आमचे डोळे उघडो. आमेन.