निग्रहाची जबाबदारी कोणाची?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून मध्यरात्र उलटली तरी मोबाईल सुटत नाही, तेव्हा वडीलमंडळी त्याच्या चंचलतेस दोष देतात आणि इंद्रियनिग्रहाचा उपदेश करून आपले कर्तव्य संपले असे मानतात. संयम हा ज्याचा त्याने एकट्याने मिळवावयाचा गुण आहे, हे या उपदेशामागचे गृहीत; ते धर्मविचाराच्या कसोटीस उतरते काय?

पतंजलींच्या अष्टांगयोगात इंद्रियांना विषयांपासून परत फिरविण्याची साधना, म्हणजे प्रत्याहार, ही पाचवी पायरी आहे. पहिली पायरी यमांची. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे यम बव्हंशी इतरांशी असलेल्या आपल्या वर्तनाचेच नियमन करतात. जी पायरी प्रौढ साधकासही पाचवी, ती आपण अजाण पोरापुढे पहिली म्हणून मांडतो, आणि तीही त्याच्या भोवतालचा व्यवहार आहे तसाच ठेवून.

वास्तविक ते पोर मोबाईलपाशी एकटे नसतेच. स्नॅपचॅटवर दोघा मित्रांनी रोज एकमेकांस छायाचित्र धाडले की स्ट्रीकचा आकडा चढत जातो, आणि चोवीस तासांत एकानेही कसूर केली की तो मोडतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री, डोळ्यांवर झोप असताना, निदान खोलीतल्या भिंतीचे तरी छायाचित्र पाठविणारी मुलगी विषयसुखामागे धावत नसते, तर आपल्या समजुतीप्रमाणे मैत्रीचे कर्तव्य पाळीत असते. वर्गाच्या ग्रुपवर नसलेल्या मुलास सहलीचा बेत दुसऱ्या दिवशी कळतो, आणि तेवढ्यानेच तो परका ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकारास स्थान मिळाले आहे, आणि तो ज्यांना जडला त्यांना वैद्यकीय साहाय्यच हवे. परंतु बहुसंख्य मुलांची ओढ हा रोग नसून संगतीचा परिणाम आहे, आणि संगतीने जडलेली सवय संगतीनेच सुटावयाची.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. कोरोनाकाळातील ऑनलाईन वर्गांनी मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठराव केला, आणि रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद होऊ लागले. या ठरावाचे मर्म दीड तासाच्या मुदतीत नाही. तो अंमल थोरांवरही होता आणि साऱ्या गावावर एकाच वेळी होता, यात ते आहे. सर्वांचेच मोबाईल बंद असल्यावर कोणीही मागे राहत नाही, आणि मागे राहण्याचे भय गेले की अर्धा मोह आपोआप गळतो.

भोंग्याने आलेला संयम खरा संयम नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. स्वेच्छेवाचून सद्गुण नाही हे मान्यच केले पाहिजे. परंतु स्वेच्छा ही तयार स्थितीत जन्मास येत नाही. एकादशीचा उपवास मूल प्रथम घरच्या रिवाजाने धरते आणि त्याचा अर्थ पुढे स्वतःच्या बुद्धीने स्वीकारते किंवा नाकारते. त्या निवडीचे सामर्थ्य मात्र त्याला रिवाजानेच दिलेले असते. म्हणून मुलाच्या हातचा मोबाईल मागण्यापूर्वी बापाने आपला खाली ठेवावा, शेजाऱ्याशी बोलून तीच वेळ त्याच्याही घरी ठरवावी, शाळेने रात्रीचे निरोप बंद करावेत. निग्रह मुलाचाच, पण त्याची पहिली जबाबदारी आपली. ती टाळून केलेला उपदेश हा अधर्म होय.